गुरुवारच्या कट्ट्यावर पोकेमॉन

४ जानेवारी, रविवार

सगळा लोच्या बायोडेटाने केला. चुकले — आईने केला! 'छंद' पुढची जागा मी मोकळी सोडलेली. आईने परस्पर भरून टाकलं — वाचन, पाककला, निसर्गभ्रमण. निसर्गभ्रमण! डोंबिवलीत! एमआयडीसीच्या वासात!

आज ठाण्याची मंडळी मला बघायला आली. मुलगा विनीत, त्याची आई उत्तराताई आणि आजोबा. आजोबांना सगळं जग आबा म्हणतं. विनीतचे वडील तो लहान असतानाच गेले. आबा ताठ, पांढराशुभ्र झब्बा, आवाज असा की वरच्या मजल्यावर ऐकू जावा. पोहे खाता खाता त्यांनी खिशातून तो कागद काढला आणि खुलले. "निसर्गभ्रमण! वा वा! हल्ली कुठले पक्षी दिसतात तुमच्याकडे?"

माझी जीभ! दुसरी कोणी असती तर 'बुलबुल' म्हणून सुटली असती. मी म्हटलं, "पक्षी नाही बघत मी आजोबा. मी पोकेमॉन पकडते."

बाबांचा चमचा हवेतच.

"म्हणजे ते लहान मुलांचं कार्टून?" — उत्तराताई.

"गेम आहे. कार्टून नंतर आलं. आता तर मोबाईल घेऊन चालत हिंडायचं, वेगवेगळे प्राणी दिसतात, ते पकडायचे, वाढवायचे, दुसऱ्याबरोबर बदलायचे."

"वय काय म्हणालात हिचं?" हे त्यांनी आईला विचारलं. मी समोर बसलेली असताना!

"मार्चमध्ये तिसावं संपेल," आई म्हणाली. पोह्यांना सांगितल्यासारखं.

आबांनी मात्र ताटली खाली ठेवली. म्हणाले, "चेष्टा करत नाही हं मी. कमावती, शहाणी मुलगी रस्त्याने राक्षस पकडत हिंडते, यात काय गंमत आहे ते मला समजून घ्यायचंय." नौपाड्यात त्यांचा दर गुरुवारी ज्येष्ठांचा कट्टा भरतो. व्याख्यान, प्रश्नोत्तरं, चहा. पाच फेब्रुवारीचे वक्ते गुडघ्याच्या ऑपरेशनला निघालेत. "अर्धा तास बोलशील? कुठून आलं हे आणि इतकी वर्षं टिकलं कसं?"

"आबा, अहो मुलगी बघायला आलोय आपण!" — उत्तराताई.

"मग बघू या की नीट."

निघताना उत्तराताई आईला म्हणाल्या, "कट्टा होऊ दे. मग कळवतो." म्हणजे झालं. माझं लग्न आता व्याख्यानावर!

पण खरी बातमी वेगळीच आहे. मधे आम्हा दोघांना गच्चीवर पाठवलेलं, 'बोलून घ्या' म्हणून. वाळत घातलेल्या चादरींच्या मागे गेल्यावर विनीतने मोबाईल काढला आणि हळूच स्क्रीन दाखवली. मी किंचाळलेच! तोही खेळतो! माझ्यापेक्षा वरच्या लेव्हलला! "घरी माहीत नाहीये हां," म्हणाला, "आईला वाटतं मी पावलं मोजतो." मी इतकी हसले की आई जिन्यातून डोकावून गेली.

आवडला. इथे लिहायला काय जातंय. आवडला!

५ जानेवारी

आई बोलत नाहीये. आमटीत मीठ दुप्पट.

७ जानेवारी, बुधवार

ऑफिसात राजरत्नला सगळं सांगितलं. घोडबंदर रोडच्या त्या काचेच्या डब्यात माझ्या शेजारी बसणारा हा एकमेव समजदार माणूस. विठ्ठलवाडीला राहतो. तो खेळतो, त्याची बायको मेघना तर त्याच्याहून येडी आहे, पावसात छत्री धरून खेळते. तो इतका हसला की जेवणाचा डबा बाजूला ठेवावा लागला. "अगं मला माझ्या सासऱ्यांनी फक्त पगार विचारलेला. तुला डायरेक्ट पीएचडी?"

मग गंभीर होऊन म्हणाला, "पण सोडू नको हां. आपल्याला कोणी माईक देत नाही. तुला दिलाय."

खरंच आहे. इतकी वर्षं 'अजून तेच खेळतेस?' एवढंच ऐकलंय मी.

१० जानेवारी, शनिवार

वाचायला बसले. दिवसभर उठलेच नाही. इतकी वर्षं खेळते आणि मला अर्धं माहीत नव्हतं!

ज्याने हे काढलं तो माणूस टोकियोच्या बाहेरच्या उपनगरात वाढला. किडेवेडा. तळ्यात, शेतात, दगडाखाली — जिथे मिळतील तिथून किडे गोळा करायचा. वर्गातली मुलं त्याला किड्यांचा डॉक्टर म्हणायची. मग शहर पसरत आलं. शेतं गेली, तळी बुजली, वर इमारती आल्या. पुढच्या मुलांना किडे कुठले मिळणार? त्याला वाटलं, आपल्याला जी मजा आली ती यांना खेळात तरी मिळावी.

हे बाबांना वाचून दाखवलं. बाबा पेपर खाली न करता म्हणाले, "आपली बिल्डिंग आहे ना, तिथे भातशेती होती. आम्ही इथे चिंबोऱ्या पकडायचो." मी म्हटलं, बाबा, हे तुम्ही तीस वर्षांत कधी सांगितलं नाहीत! तर म्हणे, "तू कधी विचारलंस?"

घ्या! व्याख्यानाची सुरुवात मिळाली. टोकियोपासून नको, डोंबिवलीच्या चिंबोऱ्यांपासून.

आणि पहिला गेम फेब्रुवारी १९९६ चा. मी मार्च १९९६ ची. आईला सांगितलं, आम्ही एकाच वयाचे. आई अखेर बोलली! म्हणाली, "त्याचंही जमत नाहीये का कुठे?"

११ जानेवारी, रविवार

विनीतला भेटले. तलावपाळीला. दोन फेऱ्या मारल्या, तिसरीला पाय दुखले तरी मारली. तलावाच्या कडेने इतके पोकेमॉन निघतात की पुढचा माणूस दिसत नाही! दोघांनी एकदमच एकाच्या मागे बोट फिरवलं, माझ्याकडे आला, त्याच्याकडून पळाला. बिचाऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालेलं. मी भुट्टा खाऊ घातला.

मधेच त्याने मोबाईल झपकन खिशात टाकला. समोरून एक काकू चाललेल्या. "आईच्या भिशीतल्या आहेत." काकू आमच्याकडे न बघता निघून गेल्या, तरी हा कोपऱ्यापर्यंत तलावातलं कारंजं बघत राहिला. कारंजं बंद होतं! मी हसून हसून बेजार.

व्याख्यानाचा सगळ्यात चांगला मुद्दा त्यानेच दिला. म्हणाला, "लोक म्हणतात गोळा करण्यात मजा आहे. गोळा तर पोस्टाची तिकिटंही करतात. याच्यात एकट्याला पूर्णच करता येत नाही, ती खरी गोम आहे."

म्हणजे असं — पहिला गेम दोन कॅसेटमध्ये काढलेला, लाल आणि हिरवी. लालमधले काही प्राणी हिरवीत नाहीत, हिरवीतले लालमध्ये नाहीत. संग्रह पूर्ण करायचा तर दुसऱ्या कॅसेटवाला शोधा, दोन यंत्रं वायरने जोडा आणि अदलाबदल करा. त्या किडेवाल्याने म्हणे अशी दोन यंत्रं जोडलेली पाहिली आणि त्याच्या डोळ्यांसमोर वायरवरून किडा चालत गेला. सगळा खेळ त्या एका किड्यातून निघाला.

किती छान सांगतो हा! डोळे चमकतात बोलताना. मी म्हटलं, तूच कर की व्याख्यान. तर दचकला. "वेडी आहेस का!"

१५ जानेवारी

रोज मेसेज. रोज. आई मोबाईलकडे बघते, माझ्याकडे बघते आणि गाणं गुणगुणत आत जाते. मीठ आता बरोबर पडतंय.

१८ जानेवारी, रविवार

आईसमोर रंगीत तालीम. ती मटार सोलत बसलेली. मी दोन कॅसेटचं समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे डब्यासारखं."

"कुठला डबा?"

"शेजारणीने डब्यातून काही दिलं तर डबा रिकामा परत करतो का आपण? काही नाही तर चिमूटभर साखर घालतोच. मग ती पुन्हा काहीतरी देते. असं चालू राहतं. तुझ्या त्या जपान्याला ठाऊक असणार."

मी तीन पानं लिहिली होती या मुद्द्यावर! फाडली. आता फक्त डबा.

पण त्यावरून किती आठवलं! दुसरीत होते, चिप्सच्या पाकिटात गोल टॅझो यायचे, पोकेमॉनच्या चित्रांचे. चिप्स कोणाला हवे होते? चाळीच्या जिन्यात बसून आम्ही बदलाबदली करायचो. माझ्याकडे एकच चार वेळा आलेला. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीकडे मला हवा होता तो. मला तिच्याशी बोलायची भीती वाटायची, ती मोठ्या शाळेतली. शेवटी गेले. दार वाजवलं. आमची मैत्री दहावीपर्यंत टिकली. नसता तो टॅझो तर मी त्या दारापर्यंत कशाला जातेय?

मला वाटतं यातच आलं सगळं. हा खेळ लाजऱ्या माणसाला दार वाजवायला लावतो. म्हणून टिकला.

२३ जानेवारी

राजरत्न म्हणतो आकडे टाक, म्हाताऱ्यांना आकडे आवडतात. तेव्हा दीडशेच्या आसपास प्राणी होते, आता हजारावर गेलेत. टाकते.

२५ जानेवारी, रविवार

पुन्हा तलावपाळी. विनीतकडे एक फार दुर्मीळ पोकेमॉन होता, मला कधीच मिळाला नाही असा. आज त्याने तो मला दिला. अदलाबदल करताना दोघांना आपापल्या मोबाईलवर 'हो' दाबावं लागतं, त्याशिवाय होत नाही. त्याने आधी दाबलं. मी बदल्यात काय देऊ कळेना, माझं सगळं त्याच्यापुढे किरकोळ. तो म्हणाला, "काहीही दे. तुझा आहे म्हणजे बास."

घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते माझे.

येताना विचारलं, "आईंना कधी सांगणारेस?" म्हणाला, "तुझं व्याख्यान होऊ दे. तू पटवलंस की माझं आपोआप सोपं होईल."

हो, होईल की. मी पटवतेच बघ!

१ फेब्रुवारी

घसा बसलाय. हळद-दूध, गुळण्या, आईची बडबड.

४ फेब्रुवारी

उद्या. साडी की ड्रेस? आई म्हणते साडी. राजरत्न म्हणतो पिवळं काहीतरी. मी पिवळी साडी नेसणार. दोघंही खूश.

५ फेब्रुवारी, गुरुवार

झालं! एकदाचं झालं!

हॉल भरलेला. साठ-सत्तर डोकी, बहुतेक पांढरी. आधी प्रार्थना, मग प्रास्ताविक, मग वक्त्यांचा परिचय. परिचय करून देणाऱ्या मीराबाईंच्या हातात कोणता कागद असावा? माझा बायोडेटा! "आजच्या वक्त्या पाककलेत निपुण..." मागे राजरत्न आणि मेघना खुर्चीतून पडायच्या बेतात. दोघांनी माझ्यासाठी अर्धी रजा टाकलेली. तिसऱ्या रांगेत उत्तराताई, शेजारी विनीत. त्याने डोळ्यांनी 'ऑल द बेस्ट' केलं. आबा स्टेजवर, अध्यक्ष.

पहिली दोन मिनिटं माझा आवाज मलाच ओळखू येईना. मग मी चिंबोऱ्या काढल्या आणि हॉल हलला! "नौपाड्यात विहिरी होत्या हो!" "आमच्याकडे काजवे!" "टिटवाळ्याला अजून आहेत!" एक आजोबा उठून उभेच राहिले, त्यांना काडेपेटीत ठेवलेला सोनकिडा आठवला. कसा हिरवा चमकायचा, आई कशी ओरडायची. मी म्हटलं, काका, त्या जपानी मुलाने हेच केलं. फक्त त्याने काडेपेटी इतकी मोठी केली की सगळ्या जगाची पोरं आत मावली.

डब्याचं सांगितलं तेव्हा तर बायका टाळ्याच वाजवायला लागल्या. एक आजी शेजारणीला ढोसून म्हणाल्या, "माझा स्टीलचा डबा दिवाळीपासून तुझ्याकडे आहे." मला पाच मिनिटं थांबावं लागलं.

मग टॅझो, जिना, तिसरा मजला. कोणी हसलं नाही.

मग प्रश्न. चिठ्ठ्या आल्या. यात हिंसा आहे का? (हरलेला प्राणी मरत नाही काका, दमतो. औषध दिलं की उठतो.) डोळ्यांना त्रास होतो का? (होतो.) आणि मग उत्तराताई स्वतः उभ्या राहिल्या. चिठ्ठी नाही, सरळ.

"छान बोललीस. पण एक विचारते. लहानपणचं ठीक आहे. मोठी, कमावती, घरदार असलेली माणसं खरंच खेळतात हे? की तू एकटीच? या हॉलमध्ये तुझ्याशिवाय कोणी आहे का एक तरी?"

प्रश्न खोचक नव्हता. खरंच विचारत होत्या त्या. मी माईकवर म्हटलं, "जे खेळतात त्यांनी प्लीज हात वर करा."

राजरत्न-मेघनाचे चार हात एकदम वर. मग कोपऱ्यातला स्पीकरवाला दादा, वायर हातात धरूनच. मग, मला खरंच वाटेना, मीराबाई! "नातीने शिकवलंय. चालणं होतं." हॉलभर हशा. मग माझ्या शेजारून खुर्ची करकरली आणि आबांनी हात वर केला! "परवापासून. अभ्यास म्हणून सुरू केलं. आज सकाळी दुधाला गेलो तो तासाभराने परतलो." टाळ्या, शिट्ट्यासुद्धा! कट्ट्यावर शिट्ट्या!

मी हसत हसत तिसऱ्या रांगेकडे बघितलं. आता याच्याहून सोपं काय असणार होतं? आजोबांचा हात वर होता.

विनीत पंख्याकडे बघत होता. दोन्ही हात मांडीवर. मी थांबले. जरा जास्तच थांबले. मग टाळ्या संपल्या आणि आभार सुरू झाले.

चहाला तो धावत आला. "कसली भारी बोललीस यार!" मी म्हटलं, "हात?" म्हणाला, "अगं आई शेजारी होती ना. आत्ता कुठे... लग्न झालं की सांगू हळूहळू."

तेवढ्यात उत्तराताई आल्या. माझा हात हातात घेतला. "मी उगाच काय काय मनात धरून बसले होते. खेळ बाई तू, बिनधास्त खेळ. आमच्या घरात कोणी नाही म्हणणार नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्या आवडल्या. हे एक नवीनच!

विनीत शेजारी उभा होता. वडा खात होता. हीच वेळ होती. 'आई, मीपण' — एवढंच. मी मनातल्या मनात त्याच्यासाठी म्हणून टाकलंसुद्धा. त्याने चटणी मागितली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

उत्तराताईंचा फोन आला. पसंती! आई नाचायची बाकी राहिली. बाबांनी चक्क पेपर खाली ठेवला. आबांनी फोन हिसकावून घेऊन मला विचारलं, खेळातलं अंडं उबवायला किती चालावं लागतं. सांगितलं. खूश झाले.

मीपण खूश आहे. असायलाच पाहिजे. ज्याच्यासाठी महिनाभर घसा फोडला ते मिळालं.

७ फेब्रुवारी

विनीतचा मेसेज — 'आई आता पूर्ण तुझ्या बाजूने आहे. एकच सांभाळ, बोलता बोलता माझं नाव निघू देऊ नकोस.' सोबत हात जोडलेले.

तीन वेळा उत्तर लिहिलं. तीन वेळा खोडलं.

८ फेब्रुवारी, रविवार

आई पेढे आणायला निघालेली. जिन्यात गाठली. म्हटलं, "त्यांना नाही कळव. माझ्याकडून नाही." ती दोन पायऱ्या वर आली. "आई, मी भरलेल्या हॉलमध्ये बोलले गं. त्याला फक्त हात वर करायचा होता." मग मला रडू आलं, जिन्यातच. आईने पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बरं. पिशवी घेतलीच आहे तर भाजी आणते. मेथी खाशील?"